तिसरं कडवं

मे महिन्याच्या तीन तारखेला
तांडापेठेत, बंद मागांच्या शेडसमोर
कोणी न बोलावता आम्ही जमतो.
पन्नालाल रस्त्यावर दोन बादल्या पाणी मारतो.
सोरत्यांकडचा कूलर खिडकीतून निघून
स्टुलावर येऊन बसतो,
ओल्या ताट्यांचा वास, मोटरची घरघर,
आणि यशोदा परातेच्या डब्यात सांबारवडी.

कुंदा धकाते. वय एकोणतीस,
पुढे वाढलंच नाही.
दिवसा कांड्या भरायची,
रात्री सुताच्या पुड्यांवरची लेबलं उलटी करून
पेन्सिलीनं गाणी लिहायची,
टाच आपटत, मात्रा मोजत.
आवाज गोड नव्हता, खोटं कशाला बोला.
खळ न गेलेल्या नव्या लुगड्यासारखा,
अंगाला घासायचा.
दोन धुण्यांनंतर मात्र सोडवत नसे.

मेयोतला डॉक्टर म्हणाला, सिकलसेल,
रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.
तर ही म्हणे,
"मंग मले गवत कापाले धाडा ना,
इथं काहून निजवून ठेवलं?"
डॉक्टर हसला.
नर्स हसली नाही.

मग दरवर्षीचा वाद.
धोट्याच्या गाण्यात
पहिल्या कडव्यात धोटा सासरी जातो,
दुसऱ्यात माहेरी येतो.
तिसऱ्यात?
यशोदा म्हणते, तुटतो.
ऑटोवाला रमजान म्हणतो, तुटत नाही बे,
पोरीच्या हातात खेळणं होते त्याचं.
मेश्राम मास्तर म्हणतात, भांडू नका,
ती दर वेळी नवं बांधायची.
आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच भांडतात.

पुरावा एकच, माझी कॅसेट.
पाचपावलीच्या फाटकाजवळचा कार्यक्रम.
पहिलं कडवं स्वच्छ.
दुसऱ्यात कुत्रं भुंकतं, ती गातागाता हसते.
तिसऱ्यासाठी श्वास घेते,
तो श्वाससुद्धा ऐकू येतो,
आणि मालगाडी शिट्टी देते.
लांबच लांब.
मग अठ्ठावन्न डबे कडव्यावरून जातात.
मी मोजलेत.
मग टाळ्या.

त्या कॅसेटीच्या कॅसेटी झाल्या,
आता मोबाईलमधून फिरते.
तिला कधी न पाहिलेली पोरं
वरातीत, गणपतीत ते गाणं म्हणतात,
आणि तिसऱ्या कडव्याला ओठांचा चंबू करून
शिट्टी मारतात,
मांड्यांवर चाकं वाजवतात,
अगदी तालात.
त्यांना वाटतं गाणं असंच आहे.

"तू तं समोरच होता ना गा बबन?"
होतो.
दोन हातांवर.
पण मी सुई बघत होतो.
शिट्टीसरशी ती लाल रेघेपार जाऊन आपटली,
मी बटण फिरवायला वाकलो.
मान वर केली तेव्हा
तिचे ओठ हलत होते,
कपाळावर घाम,
नजर डब्यांकडे.
थांबली नव्हती ती. गाडीपुढे माघार नाही.
एवढंच आहे माझ्याकडे.
बावीस वर्षं मी म्हणत आलो, विसरलो.
यंदा खरं सांगितलं.

कोणी काही बोललं नाही.
मास्तरांनी चष्मा पुसला,
पुसलेलाच पुन्हा पुसला.
यशोदानं डबा पुढे सरकवला,
"खाय. थंड होऊन राहिली."

तेवढ्यात सोरत्यांच्या नातीनं,
आठ वर्षांची असेल,
धोट्याचं गाणं उचललं, आमच्याकडे न बघता,
दोरीवरच्या उड्या मारत.
तिसरं कडवं आलं
तसे आम्ही सगळे म्हातारे चंबू करून बसलो.
रमजानला पुढचे दात नाहीत,
त्याची नुसती हवा गेली.
माझा हात
सवयीनं गुडघ्यावर बटण शोधत फिरला,
मग राहिला तिथंच.